वाटेवरचा खानदेश

मुंबईहून निघालेली आगगाडी चाळीसगाव मागे टाकून जळगावला येते, तेव्हा उतरणाऱ्या परगावच्या प्रवाशांपैकी पुष्कळांची नजर एकच गोष्ट शोधीत असते : अजिंठ्याची मोटार कोठे उभी आहे. जळगावापासून अजिंठ्याची लेणी सुमारे साठ किलोमीटर. सकाळी निघावे, लेणी पाहावी, दिवेलागणीला परतावे आणि रात्रीची गाडी पकडावी, असा हा क्रम जवळजवळ ठरूनच गेला आहे. ज्या भूमीवरून ही ये-जा होते तिचे नाव खानदेश. परंतु तिची ओळख केळीच्या बागा आणि भरीत-भाकरी ह्यांच्यापुढे सहसा जात नाही. लेणी ज्या डोंगरात कोरलेली आहेत तो डोंगर म्हणजे खानदेशचा दक्षिणेकडचा तट होय, हेही मोटारीतल्या प्रवाशाला कोणी सांगत नाही.

असे होण्याला एक कारण आहे. पुणे, सातारा किंवा विजापूर येथे इतिहास एका ठिकाणी दाटलेला सापडतो. खानदेशचा इतिहास वाटेवर पसरलेला आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा, आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी अशी ह्या प्रदेशाची रचना. सुरतेच्या बंदरातून निघालेला माल तापीच्या खोऱ्याने नंदुरबार, थाळनेर, चोपडे करीत बऱ्हाणपुरास जाई आणि तेथून आग्र्याकडे वळे. दुसरी वाट सेंधव्याच्या घाटाने उत्तरेकडून खाली उतरे, तापी ओलांडी आणि लळिंगाच्या खिंडीतून नाशिककडे जाई. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली सुरतेहून बऱ्हाणपुरास गेला तो ह्याच खोऱ्यातून. जवाहिऱ्या तावेर्निए ह्याने सतराव्या शतकात ह्या मार्गावरील मुक्कामांची नावे लिहून ठेवली. व्यापारी, वकील, फौजा आणि साधू ह्यांच्या पायांखालचा हा देश. साहजिकच त्याचे किल्ले उताराच्या आणि खिंडीच्या तोंडाशी आहेत, आणि त्यांतला एखादाच सुटा पाहिला तर पडक्या तटापलीकडे हाती काही लागत नाही.

म्हणून खानदेश पाहावयाचा तो चार दिवसांची सवड काढून, दहा-वीस जणांच्या मंडळीने आणि बरोबर जाणता मार्गदर्शक घेऊन.

समुदायाने प्रवास करणे आपल्याकडे नवीन नाही. इंग्लंडात टॉमस कुक ह्याने १८४१ साली सुमारे पाचशे माणसे आगगाडीने लेस्टरहून लफबरोला नेली आणि तेव्हापासून तिकडे सहलींचा धंदा उभा राहिला असे सांगतात. परंतु काशीयात्रेला निघणारा मेळा, वाटेतले ठरलेले मुक्काम, क्षेत्री भेटणारा उपाध्या आणि त्याच्या वहीतली सात पिढ्यांची नावे ही सारी व्यवस्था त्याहून कितीतरी जुनी. फरक आहे तो सांगणाऱ्याच्या कामात. क्षेत्रोपाध्याने सांगितलेले माहात्म्य यात्रेकरू श्रद्धेने ऐकतो. ते पारखून पाहणे हे त्याचे प्रयोजनच नसते. इतिहासाच्या सहलीत मात्र सांगणाऱ्याने दंतकथा कोणती आणि पुराव्याची गोष्ट कोणती हे जागच्या जागी वेगळे करून दाखवावे लागते. वाटाड्या आणि मार्गदर्शक ह्यांत हेच अंतर आहे. फ्रान्समध्ये लवार नदीच्या काठचे राजवाडे पाहावयास निघालेल्या मंडळींना नदीच क्रम लावून देते, आणि बरोबरचा माणूस एका वाड्यातील घटनेचा धागा पुढच्या वाड्यात नेऊन जोडतो. खानदेशात तापी हेच काम करू शकते. अडचण एवढीच की येथे रस्त्याचा क्रम आणि काळाचा क्रम एकमेकांशी जुळत नाहीत. बाराव्या शतकातून पंधराव्यात, तेथून एकोणिसाव्यात आणि पुन्हा सोळाव्यात असे हेलकावे घ्यावे लागतात. मार्गदर्शकाची खरी कसोटी तेथे लागते.

आरंभ चाळीसगावहून करावा. तेथून दक्षिणेस डोंगराच्या पायथ्याशी पाटणे हे गाव आहे आणि त्याच्या पुढे रानात पाटणादेवीचे स्थान. आज हा सारा भाग गौताळा अभयारण्यात मोडतो. नवरात्रात देवीला गर्दी लोटते. एरवी झाडी, ओढ्याचे पाणी आणि वानरे. ह्या रानात आठशे वर्षांपूर्वी एक नांदते नगर होते, निकुंभ वंशाचे राजे देवगिरीच्या यादवांचे मांडलिक म्हणून तेथे राज्य करीत होते, आणि त्या नगरात ज्योतिषशास्त्राचा एक मठ होता, ह्यावर डोळ्यांनी पाहून विश्वास बसणे कठीण. विश्वास बसतो तो देवीच्या मंदिरातील शिलालेखामुळे. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी १८६५ च्या सुमारास तो विद्वानांच्या नजरेस आणला. शके ११२८ हा त्यातला उल्लेख, म्हणजे इसवी सनाच्या तेराव्या शतकाचा आरंभ.

लेखात एका घराण्याची वंशावळ दिली आहे. तिच्यात महेश्वर, त्याचा पुत्र भास्कराचार्य, त्याचा पुत्र लक्ष्मीधर आणि लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव अशी नावे येतात. ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिणारा भास्कराचार्य तो हाच. शके १०३६ मध्ये आपला जन्म झाला आणि छत्तिसाव्या वर्षी ग्रंथ रचला, हे त्याने स्वतःच नमूद केले आहे. नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण ह्याच्या दरबारी मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने हा मठ स्थापला आणि निकुंभ राजा सोइदेव ह्याने त्याला दान दिले. दानाची वेळही पाहण्यासारखी आहे : श्रावणी पौर्णिमेचे चंद्रग्रहण. ग्रहणाचे गणित शिकविणाऱ्या मठाला ग्रहणकाळी दान मिळावे, हा योग तेव्हाच्या विद्यार्थ्यांनाही गमतीचा वाटला असेल.

लेखाचा शेवटचा भाग संस्कृत सोडून मराठीत उतरतो, आणि मंडळीला तेथे थांबवून ठेवण्याइतका तो मोलाचा आहे. वंशाची थोरवी गाण्यास संस्कृत योग्य. पण पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचे कोणते उत्पन्न मठाला द्यावयाचे आणि तेलाच्या दर घाण्यामागे पळीभर तेल कसे पोचवावयाचे, हे ज्याने द्यावयाचे त्या वाण्याला व तेल्याला समजले पाहिजे. मग लेखकाने त्यांची भाषा वापरली. ज्ञानेश्वरी सांगितली जाण्यापूर्वी सुमारे ऐंशी वर्षे खानदेशच्या बाजारात बोलली जाणारी मराठी अशी दगडावर शिल्लक आहे. त्या पळीभर तेलावर मठात रात्री दिवा जळत असेल आणि त्या उजेडात कोणी ‘लीलावती’तली उदाहरणे सोडवीत असेल, असे मनाशी योजण्यास हरकत नाही, मात्र ती कल्पना आहे, हे मार्गदर्शकाने सांगावे.

कारण ह्याच जागी दंतकथा दाटून येतात. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या, तिच्या लग्नघटकेच्या पात्रात मोती पडला, पाणी शिरण्याचे छिद्र बुजले आणि मुहूर्त टळला, ही कथा सहलीतल्या कोणाला तरी ठाऊक असतेच. शिलालेखात लीलावतीचा उल्लेख नाही. ही कथा प्रसिद्धीस आली ती अकबराच्या दरबारचा कवी फैजी ह्याने १५८७ साली केलेल्या ‘लीलावती’च्या फारसी भाषांतरातून. फैजीचे हे नाव मंडळीने लक्षात ठेवावे. चौथ्या दिवशी त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

नावांचे घोटाळेही येथूनच सुरू होतात. पाटण्याचा चांगदेव हा ज्योतिषी. मुक्ताबाईचा शिष्य म्हणून ज्याची ख्याती तो योगी चांगदेव निराळा. लेखात हेमाडिदेव म्हणून जो येतो तो सोइदेवाचा भाऊ. देवगिरीचा करणाधिप हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा त्याच्या मागाहून अर्ध्या शतकाने झाला. आणि चुन्यावाचून रचलेल्या कोणत्याही जुन्या दगडी देवळाला ‘हेमाडपंती’ म्हणण्याची जी सवय आपल्याला जडली आहे तिच्यामुळे हेमाडपंताच्या जन्माआधी उभी राहिलेली देवळेही त्याच्या नावावर जमा झाली आहेत. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील बळसाणे येथे अशा देवळांचा मोठा समूह आहे. वेळ असेल त्यांनी तो अवश्य पाहावा. पण लोखंडी पाटीवर काय लिहिले आहे त्यापेक्षा खांबांची घडण काय सांगते तिकडे लक्ष द्यावे.

दुसरा दिवस धुळ्याचा. शहराच्या दक्षिणेस आठ-दहा किलोमीटरांवर मुंबई-आग्रा रस्ता लळिंगाच्या किल्ल्याखालून जातो. रोज हजारो मोटारी त्याच्या पायथ्याशी धूळ उडवीत जातात आणि माथ्यावर चढणारे दिवसाला दहा भेटले तरी पुष्कळ. चढण तासाभराची आहे. वर गेल्यावर रस्ता पांढऱ्या रेघेसारखा दोन्ही दिशांना दिसतो आणि किल्ला येथेच का बांधला हे विचारण्याची गरज उरत नाही. फिरोजशहा तुघलकाने १३७० साली थाळनेर व करवंद हे मुलूख मलिक राजा नावाच्या सरदाराला दिले. खलिफा उमर फारूक ह्यांचे आपण वंशज, असे तो सांगे. म्हणून घराण्याचे नाव फारुकी. दिल्लीची सत्ता ढिली पडताच तो स्वतंत्र झाला आणि १३९९ मध्ये वारला. मरताना त्याने लळिंग थोरल्याला, नसीरखानाला दिले आणि थाळनेर धाकट्याला. पुढे जे व्हावयाचे तेच झाले. नसीरने माळव्याच्या सुलतानाची मदत घेऊन १४१७ साली भावाचे थाळनेर जिंकले. गुजरातच्या अहमदशहाने त्याला ‘खान’ ही पदवी दिली आणि खानाचा देश तो खानदेश, अशी एक व्युत्पत्ती आहे. दुसरी कान्हदेशाची : अहीर-गवळ्यांचा, कृष्णाचा देश. अहिराणी बोलणाऱ्यांना दुसरी अधिक आवडते. हाच नसीरखान म्हातारपणी बहामनी फौजेपुढे हरून लळिंगावर कोंडला गेला आणि १४३७ मध्ये तेथेच मेला.

गड उतरून धुळ्यात यावे. आजचे धुळे ज्या रूपात दिसते त्याचा आरंभ १८१९ चा. कॅप्टन जॉन ब्रिग्ज ह्याने खानदेशचे मुख्य ठाणे म्हणून ते निवडले आणि रस्ते आखून नवी वस्ती वसवली. पण मंडळीने अधिक वेळ द्यावयाचा तो राजवाडे संशोधन मंडळास. मराठ्यांच्या इतिहासाची साधने मिळविण्यासाठी गावोगाव पायपीट करणारे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच निवर्तले आणि त्यांच्या कागदपत्रांच्या जतनासाठी पुढच्याच वर्षी हे मंडळ निघाले. तेथील दप्तरे आणि मूर्ती पाहिल्यावर आदल्या दिवशीचा पाटण्याचा दगड निराळ्या दृष्टीने आठवतो. समर्थ वाग्देवता मंदिरातील हस्तलिखितांचा संग्रह ह्याच शहरात आहे. शंकरराव देव ह्यांनी समर्थ संप्रदायाचे वाङ्मय मठामठांतून गोळा केले त्याचे हे फळ. हस्तलिखिते दाखविण्याची व्यवस्था आधी पत्र पाठवून ठरवावी. अचानक पंचवीस माणसे दारात उभी राहिली तर कोणताही ग्रंथपाल कपाटाला कुलूप लावील, आणि ते योग्यच होय.

तिसऱ्या दिवशी थाळनेर. शिरपूर तालुक्यात तापीच्या ऐन काठावर हे गाव आहे. फारुकींच्या पहिल्या राजधानीचे आज शिल्लक आहेत ते किल्ल्याचे बुरूज, नदीने खात आणलेली दरड आणि गावाजवळच्या कबरी. त्यांतली एक अष्टकोनी कबर कोरीव दगडाची आहे आणि माळव्यातल्या कारागिरीची आठवण करून देते. माळव्याच्या ज्या मदतीने हे गाव नसीरखानाच्या हाती आले तिची आठवण येथे द्यावी. पण थाळनेरच्या दरवाजाशी उभे राहून सांगावयाची मुख्य गोष्ट चारशे वर्षांनंतरची आहे.

मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेशातील मुलूख इंग्रजांना सोडला. ती सूचना घेऊन सर टॉमस हिस्लॉप २७ फेब्रुवारी १८१८ रोजी फौजेसह थाळनेरपुढे आला. किल्लेदार तुळशीराम मामा आणि आत थोडी अरब शिबंदी. तोफांनी बाहेरचे दरवाजे फुटल्यावर किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला. आतल्या दिंडीतून मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर हे आत शिरले, तेव्हा आतल्या अरबांशी बोलाचाली झाली, कोणाचे कोणाला कळले नाही, आणि दोघेही तेथेच मारले गेले. मग इंग्रज फौज आत घुसली आणि सुमारे तीनशे माणसांची कत्तल झाली. संध्याकाळी किल्लेदाराला बुरुजावर फाशी दिले. तो शरण आलेला होता आणि दिंडीतल्या झटापटीच्या वेळी इंग्रजांच्याच ताब्यात होता. ह्या फाशीवरून इंग्लंडच्या पार्लमेंटातसुद्धा प्रश्न उठले. ज्या सेनापतीच्या नावे विजयाचे आभारप्रदर्शन व्हावयाचे त्याच्याच कृत्याचा खुलासा मागितला गेला.

ही हकीकत सांगताना आवाज चढविण्याची गरज नाही. दिंडीची अरुंद जागा दाखवावी, किल्लेदार कोठून बाहेर आला असेल ते दाखवावे आणि मंडळीला स्वस्थ उभे राहू द्यावे. सहलींतून मार्गदर्शक पुष्कळदा अशा जागी भाषण करतात आणि प्रसंग हातचा घालवितात.

तेथून तापी ओलांडून जळगावकडे वळताना अमळनेर लागते. साने गुरुजी १९२४ ते १९३० ह्या काळात तेथल्या शाळेत शिक्षक होते. प्रताप शेठजींच्या आश्रयाने १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर निघाले ते येथेच. बोरी नदीच्या पात्रातली सखाराम महाराजांची समाधीही पाहण्यासारखी. पारोळ्याचा भुईकोट १७२७ चा. झाशीच्या नेवाळकरांच्या घराण्याशी त्याचा संबंध आणि सत्तावन्नच्या उठावानंतर इंग्रजांनी तो पाडला तोही ह्याच संबंधापायी. जळगावला मुक्काम करावा. दिवस थंडीचे असतील, आणि खानदेशची सहल थंडीतच काढावी कारण मे महिन्यात येथील पारा पंचेचाळीस अंशांवर सहज जातो, तर रात्रीच्या जेवणाला काट्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याची भाकर मिळेल. बहिणाबाई चौधरी ह्यांचे माहेर असोदे जळगावाला लागूनच आहे. त्यांच्या ओव्यांतली बोली शेतात आजही ऐकू येते. वाहन थांबवून कोणाशी चार शब्द बोलण्यास वेळ ठेवावा.

शेवटचा दिवस मोठा आहे, म्हणून पहाटे निघावे. भुसावळच्या पुढे तापी आणि पूर्णा मिळतात त्या संगमावर चांगदेवाचे देऊळ आहे. खाली हतनूरच्या धरणाचे पाणी तुंबल्यामुळे संगमाला सरोवराचे रूप आले आहे. देऊळ थोर आहे, पण अपुरे वाटते. शिखर नाही, भिंतींवरच्या मूर्ती मात्र रेखीव. योगी चांगदेव तो हाच, वाघावर बसून आला तो, आणि मुक्ताबाईचे स्थान येथून जवळच आहे. पाटण्याच्या चांगदेवाशी त्याची गल्लत होऊ नये म्हणून पहिल्या दिवशी जे सांगितले ते येथे पुन्हा सांगावे लागते, कारण तोपर्यंत निम्मी मंडळी ते विसरलेली असते.

त्यानंतर रावेरवरून बऱ्हाणपूर. आज ते मध्य प्रदेशात आहे, म्हणून खानदेशच्या सहलीतून ते बहुधा गाळले जाते. जिल्ह्याच्या सीमा मागाहून आखल्या गेल्या. फारुकींची शेवटची राजधानी त्या सीमेपलीकडे राहिली एवढेच. नसीरखानाने आशा अहिराकडून अशीरगड घेतला आणि शेख बुऱ्हानुद्दीन ह्यांच्या नावाने हे शहर वसविले. अशीरगड अकबराने १६०१ च्या जानेवारीत घेतला तेव्हा फारुकींचे राज्य संपले आणि शाहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाला काही काळ ‘दानदेश’ म्हणण्यात आले.

ह्या पतनाच्या अकरा वर्षे आधी राजा अली खान ह्या फारुकी राजाने शहरात जामा मशीद बांधली. नमाजाच्या वेळा सोडून, परवानगीने आणि अनवाणी आत जावे. भिंतीवर अरबी लेखाच्या जोडीला नागरी लिपीत एक संस्कृत लेख कोरलेला आहे. त्यात सृष्टिकर्त्याला वंदन आहे, फारुकी राजांची वंशावळ आहे, आणि मग काळ : संवत १६४६, शके १५११, पौष शुद्ध पक्ष, वार, तिथीच्या आणि नक्षत्राच्या घटिका, योग, करण. मशिदीच्या बांधकामाचे मुहूर्त असे पंचांगाने घटिकांपर्यंत नोंदविले आहे. इसवी सन १५९० च्या जानेवारीतली ही तारीख.

पाटण्याच्या मठात जे गणित शिकविले जात होते त्याच परंपरेचे हे गणित होय. चारशे वर्षांत राजे बदलले, धर्म बदलला, राजधानी डोंगराच्या पायथ्यापासून तापीच्या काठी आली. तिथी आणि नक्षत्रे मांडणारा ज्योतिषी खानदेशातल्या राजाला तेव्हाही हवा होता. आणि लेख कोरल्यानंतर पुढच्याच वर्षी, १५९१ मध्ये, अकबराचा वकील म्हणून ह्या राजा अली खानाकडे जो माणूस आला तो फैजी : भास्कराचार्यांची ‘लीलावती’ फारसीत नेणारा, आणि लग्नघटकेच्या मोत्याची कथा जगाला सांगणारा.

मार्गदर्शकाने हे सांगून झाल्यावर मंडळीतल्या एखाद्याला पाटण्याच्या शिलालेखाचा ठसा पाहण्याची इच्छा होते. धुळ्याला घेतलेल्या टिपणांच्या वह्या तेथेच उघडल्या जातात. परतीची गाडी भुसावळवरून आहे आणि बऱ्हाणपूरहून भुसावळला आगगाडीने सुमारे तास लागतो. तेवढी वेळ हाताशी ठेवून मशिदीतून निघावे.